काचेखालचा वाफा

पेरणीनंतर आठव्या दिवशी
वीत्स्केने वाफ्याच्या टोकाला
जुन्या खिडकीची काच ठेवली.
काचेखाली ऊब जास्त,
तिथलं गाजर उरलेल्या शेताच्या
दोन दिवस आधी डोकं काढतं.
ते दिसलं की समजायचं : आज. उद्या नाही.
तण वर आलंय, गाजर अजून मातीत आहे,
आजच गॅसच्या ज्वाळा फिरवून घ्यायच्या.

जाळायचं नसतं. चटका द्यायचा.
मग पान चिमटीत दाबायचं,
अंगठ्याचा ठसा उमटला की पुरे.
काळं पडलं, तर तेवढा गॅस फुकट.

गेल्या वर्षी टायमनच्या लग्नात
हा एक दिवस हुकला.
जेवण छान होतं, बँड बरा होता.
वीत्स्केच्या वहीत मात्र ते लग्न अजून
'हेक्टरी साठ तास जादा खुरपणी' असंच आहे.

शेजारचा योखेम सकाळी फवारतो,
अकराला कॉफी प्यायला घरी.
इथे सहा माणसं
चाकांच्या पलंगावर पालथी पडून
गोगलगायीच्या चालीने शेत ओलांडतात,
समुद्र हटवून काढलेल्या या जमिनीकडे
वीतभरावरून बघत.
पाठ वाचते. मान वाचत नाही.
बाजारात गाजराला चार पैसे जास्त मिळतात
ते इथे, या सहा मानांवर, संपतात.

तण म्हणजे बहुतेक चाकवत.
एक झाड नजरेतून सुटून बियांवर आलं
की पुढचे सात उन्हाळे
तेच तास पुन्हा पुन्हा वहीत लिहायचे.

रुम्याना कोवळे शेंडे टोपीत टाकते.
बल्गेरियात, तिच्या गावी,
त्यात तांदूळ आणि अंडं घालतात.
'हे उपटायचे तू मला पैसे देतेस,
माझी आई याच्या जुड्या विकायची.'

संध्याकाळी तिने ताटली आणून दिली.
वीत्स्के उभ्यानेच खात राहिली.
'जुडी केवढ्याला जायची?'
रुम्यानाने सांगितलं.
वीत्स्केचे ओठ हलायला लागले,
जुडी गुणिले वाफे, गुणिले हेक्टर,
वजा गॅस, वजा मजुरी...

'नको,' रुम्याना म्हणाली,
'तू पेरलंस की ते रुसेल.
मग त्यात गाजराचं तण माजेल,
आणि ते काढायला मलाच बोलावशील.'

'येशील?'

'ताशी दोन युरो जास्त.'