चुंबळ

सर हजेरी घेतेत रजिस्टरात, मी घेते डावानं.
अकरा वर्षं झाले, शाळेच्या या पत्र्याखाली
खिचडी, मटकी, वरणभात.
सोमवारी कोण दोनदा ताट पुढं करतंय ते मला ठावं हाय,
रविवार घरी कसा गेला ते इचारावं लागत नाही.
कुणाच्या घरात रात्री वाजलं,
ते लेकरू भातातले वाटाणे कडंला काढत बसतंय,
एक एक, मोजल्यावाणी.

धम्मदीप खिल्लारे आला जूनात, पहिलीला.
बापाच्या सायकलीवर,
पुढं नळीवर बसून, दोन हातांच्या मधी.
त्याचं अंग त्याचं ऐकत नाही.
हात निघतो घासाकडं अन् पोचतो कानाकडं,
मान वळते भलतीकडंच.
पण डोळे! एका जागी बसून
सगळ्या शाळेचा हिशोब ठेवायलेत ते डोळे.

पंगतीत त्याची जागा कुणी ठरवली नाही,
ती ठरली.
शेवटी. भिंतीकडं तोंड.
अशी जागा मी आधी पाहिलेली हाय,
दुसऱ्या गावात, दुसऱ्या पंगतीत,
तिथं बसणारी पोरगी मीच होते.
म्हणून तिथवर गेलं की माझा डाव जड होतो.

ताट सरकायचं त्याचं.
एका घासाला चार हिसके, ताट हातभर म्होरं,
अन् हे बसल्या बसल्या घसरत जायचं ताटाच्या मागं.
पोरं हासायची.
'थरथऱ्या' हे नाव ऋतुजा घुगेनं ठेवलं.
चौथीची. वेणीला लाल रिबीन, भांडणात एक नंबर.
मला ती ढोलाबाई म्हणते, मागून.
मला ऐकू येतं.

गिराम सरांनी समजावलं, एकदा नाही, चारदा.
आपण सगळे सारखे.
पोरं एका सुरात म्हणली, सारखेऽऽ.
अन् ताट सरकतच राहिलं.

एक दिवस मीच बसले भरवायला, मांडीला मांडी लावून.
त्यानं तोंड मिटलं. घट्ट.
सहा वर्षाचा गडी हाय तो, तान्हा नाही.
चूक माझी होती.

फेब्रुवारीत हापसा आटला.
बोअरवरून दुसरी खेप घेऊन आले,
हंडा उतरवायलेच होते की ऋतुजा पळत आली,
माझ्या डोक्यावरली चुंबळ ओढली,
अर्धं पाणी माझ्या पदरावर.
"अगं ए भवाने!"
तिनं मागं बघितलंच नाही.
चुंबळ टाकली फरशीवर, वर त्याचं ताट,
दाबलं, दोन्ही हातानं हलवून बघितलं,
बैलगाडीचं चाक बघतेत तसं.
"सरकायलंय ना ते, मावशे. किती दिस झाले.
तुला दिसत नव्हतं का?"

दिसत होतं.
तेच तर.

त्या दिवशी त्याला अर्धा तास लागला.
सुट्टी संपली, सरांनी घंटा वाजवलीच नाही.
निम्मा भात सांडला.
निम्मा पोटात गेला, त्याच्या हातानं.
ती शेजारी बसून आपलं आपलं खात होती,
मदत नाही, बोलणं नाही,
फक्त भिंतीकडं पाठ करून बसली
म्हणून त्यालाबी वळावं लागलं.

थरथऱ्या म्हणणं सुटलं का? नाही. परवाबी म्हणली.
पण आता तेबी तिला काहीतरी म्हणतंय,
शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो त्याला,
ती कमरेवर हात ठेवून थांबते तवर.
शिवी हाय का काय, मला कळत नाही.
तिला कळते.

तपासणीला साहेब आले होते जिंतूरहून.
कागदात रकाना होता: दिव्यांग विद्यार्थी, एक.
त्याच्या म्होरं: पुरविलेले साहित्य.
सरांनी माझ्याकडं बघितलं, मी हंड्याकडं.
साहेबांनी लिहिलं, निरंक.

जुन्या लुगड्याची दुसरी केलीय मी,
जरा मोठी, घट्ट पिळून.
वरण सांडून सांडून पिवळी पडलीय.
शनिवारी धुऊन तारेवर टाकते,
माझ्या चुंबळीच्या शेजारी.