तिसरा गिअर

होशंगचा फोन आला मंगळवारी, ऐन जेवणाच्या वेळी.
"तुझी लाल परत आली बघ. येऊन तरी जा."
त्याला मराठी सगळं येतं,
फक्त "कशी आहेस" एवढं येत नाही.

ईस्ट स्ट्रीटच्या मागची तीच गल्ली,
तेलाचे डाग फरशीहून जुने,
आणि ती उभी. दोन दारांची, बुटकी,
उजवा दिवा जरासा पिवळा पडलेला.
काचेवर कागद:
चौदा लाख पन्नास. घासाघीस नको. टेकून उभे राहू नये.

मला दोन लाख ऐंशी मिळाले होते.
वरचे ऐंशीसुद्धा एजंटाशी भांडून.
तेव्हा सगळे म्हणायचे,
या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबत बसतेस? ऑटोमॅटिक घे.
घेतली. पांढरी.
तिचं आता काही आठवत नाही, हप्त्याची तारीख सोडून.

"तीन पेडलवाल्या आता बनवतो कोण?" होशंग म्हणाला,
"म्हणून. कोईमतूरहून फोन येतात,
बघत नाहीत, बसत नाहीत, थेट आकडा बोलतात.
मागच्या दिवाळीत नऊला दिली असती. थांबलो."

थांबण्याचे साडेपाच लाख.
थांबण्याचे पैसे मिळतात
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आत बसले. आरसा कुणा उंच माणसासाठी लावलेला.
हात मात्र न विचारता नॉबवर गेला:
एक, दोन, चार, पाच.
तीन नाही.
तीन मी पुसलाय.
जुन्या कात्रज घाटात, पहाटे, दुधाच्या टेम्पोमागे,
दुसरा ओरडायचा, चौथा धापा टाकायचा,
मग तळवा तिथेच ठेवायचा, वळणामागून वळण.
बाबा शेजारी. एक शब्द नाही.
इंजिनाचा आवाज चढला की
त्यांचा डावा पाय हलायचा फक्त,
त्यांच्या बाजूला नसलेल्या क्लचवर.

"नॉब मूळचा आहे," होशंग सांगत होता,
"वापराची खूण. त्याचेच तर वरचे पन्नास."

म्हणजे माझ्या तळव्याचे.
मी हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला, उगाच.

घेणारा आला चारच्या सुमारास. निहार, खराडीचा,
बूट इतके स्वच्छ की होशंगने पुठ्ठा अंथरला.
चालवणार का, मी विचारलं.
"छे. किलोमीटर वाढले की भाव उतरतो.
तळघरात ठेवणार, कव्हर घालून. पाच वर्षं."
तरी चावी हातात आली तसा बसला.
एक झटका, शांतता.
दुसरा झटका, शांतता.
होशंगने पाठ फिरवून
पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

मी खिडकीशी वाकले.
पाय सोडू नकोस रे, उचल.
गरम चहाच्या कपावरून ओठ उचलतात ना, तसा.

चार फूट गेली. फाटकाला अडून थांबली.
आणि तो हसला, इतक्या मोठ्याने,
की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.
चार फुटांनी भाव किती उतरला, मी विचारलं नाही.
त्यानेही मागे घेताना
उगाच दोनदा पुढे नेली.

परतताना रिक्षा. मीटरने यायला तयार झाला,
म्हणजे त्याचाही दिवस बरा गेला असावा.
मनगट वळवत, पहिला, दुसरा, खट्कन तिसरा,
बंडगार्डनच्या पुलावर चढ लागला
तरी तिसऱ्यातच रेटत राहिला,
आणि मागे माझा डावा पाय
पत्र्यावर दाबला गेला, पुन्हा, पुन्हा.

येरवड्याला उतरताना म्हणाला,
"ताई, पाय काय आपटत होता?"
क्लच, मी म्हटलं.
त्याने डावी मूठ उघडून दाखवली.
"तो इथं असतो."