गौण विषय

मुख्य विषय हिशेब. गौण विषय दान.
असं छापलंय माझ्या गुणपत्रिकेवर,
आणि बाबा, जे ड्युलुथच्या धक्क्यावर
लोहखनिजाची जहाजं भरतात,
ते वाचून एकदाच हसले:
"दान करायला शिकायची फी भरतोस?"

भरतो. अठरा क्रेडिटची.

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
इथे पहिला धडाच दातांचा:
किती, कुठले, गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त,
आणि गाय स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार.

दुसऱ्या वर्षी खरे पैसे आले.
रंगाचं दुकान चालवून वारलेल्या कुणा म्हाताऱ्याचे
पाच हजार डॉलर,
नऊ पोरांच्या हाती. द्या कुणालाही,
पण का, ते लिहा.

म्हणून जानेवारीत, सरोवर पांढरं पडलेलं असताना,
आम्ही एका चर्चच्या तळघरात उतरलो.
वर्ना कोस्किनेन, वय एकाहत्तर,
दर बुधवारी फुकट कपडे धुऊन देते,
ज्यांच्याकडे नळ नाही, नाणी नाहीत, किंवा घरच नाही त्यांना.
तीन यंत्रं. एक बंद, त्याच्यावर कॉफीचं भांडं.
भिंतीलगत दोरी, दोरीवर
मागे राहिलेले एकेकटे मोजे.
"येतात न्यायला," ती म्हणाली, "कधी दोन वर्षांनी."

ओडेसाने विचारलं, परिणाम कसा मोजता?
"वास येतो. मग येत नाही.
मग पोरगं वर्गात पुढच्या बाकावर बसतं."
ऑस्टबी सरांनी लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात, ते दिसलं नाही.

माझ्या वाट्याला प्रश्न सातवा.
मी तो कागदात बघूनच वाचला:
या कामाची गरज संपायला
अंदाजे किती वर्षं लागतील?

तिने ड्रायरमधून चादर काढली,
दोन टोकं माझ्या हातात दिली,
दोन स्वतः धरली, आणि घडी घालत
माझ्याकडे चालत आली.
"बाळा," अगदी जवळ आल्यावर म्हणाली,
"कपडे पुन्हा मळतात."

मतदान झालं. सहा विरुद्ध तीन.
पैसे गेले मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या संस्थेला.
चांगली संस्था. चढता आलेख,
ताळेबंद असा की दृष्ट लागावी.
मी सहांतला. लपवत नाही.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात,
पण माझा हात वर होता, सगळ्यांनी पाहिला.

नकाराचं पत्र लिहायचं माझ्यावर आलं,
कारण माझं शुद्धलेखन बरं.
"अर्ज असंख्य होते." होते चार.
"आपल्या कार्याबद्दल नितांत आदर." खोडलं.
"खेद." ठेवलं, खोडलं, ठेवलं.
रात्रभर सरोवरावरचा बर्फ
कुणीतरी बोटं मोडावीत तसा वाजत होता.

टपालात टाकलं नाही. घेऊनच गेलो,
बुधवारी, पिशवीत माझे मळके कपडे,
कारण रिकाम्या हाती कसं जायचं कळेना.
तिने उभ्याउभ्याच वाचलं,
चौकोनी दुमडलं, एप्रनच्या खिशात ठेवलं.
आतून आणखी कागद कुरकुरले.

मग पिशवीकडे बघत म्हणाली,
"पांढरे वेगळे काढ. आणि रांग तिथून आहे."

अकरावा होतो.
सवयीने मोजलं.