पॉइंट बारा

उतराणीला मकरपुऱ्यात कुणी कामावर येत नाही,
म्हणून बॉयलरचा फीड पंप आम्ही तेव्हाच धरतो.
गच्च्यांवरून "लपेट, लपेट"चा ओरडा,
शेडमध्ये मी, मंगळभाई पढियार,
आणि पत्र्याच्या फटीतून आत आलेली
अकरा अंशांची सकाळ.

लेझर नवं होतं. पिवळ्या पेटीत, ज्याच्या त्याच्या खाचेत.
दोन्ही शाफ्टना साखळीनं कवळून बसवलं,
कपलिंग हातानं फिरवत गेले:
नऊ वाजले, बारा वाजले, तीन.
त्याआधी मोटरचा चौथा पाय.
बोल्ट सैल केला की बेडवरून जरासा उचलायचा,
पानावर बसलेल्या पण गाडीची वेळ झालेल्या
पाहुण्यासारखा.
त्याच्याखाली कातरीनं कापून शिम सरकवली.
मग उंची. मग तिरकेपणा.

चार वाजता पडद्यावर शून्य.
दुसऱ्या दशांशालाही शून्य.
इतकं सरळ मी आयुष्यात काही ठेवलं नव्हतं,
भांगसुद्धा नाही.
मंगळभाई वाकले, बघितलं, म्हणाले, "सरस छे, बेन,"
आणि विडी ओढायला बाहेर गेले.

वासी उतराणीच्या रात्री पंप चालू केला.
पहिला तास लोण्यासारखा.
बेअरिंगवर सेन्सरचं चुंबक टक्कन बसलं,
आलेखात पन्नासपाशी एक बुटकं शिखर, बाकी माळरान.
मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा, जेवायला येते.

मग पाणी तापलं. एकशे पाच अंश.
शंभरच्या रेघेवर काहीतरी डोकं काढू लागलं,
एका फेऱ्यात दोनदा, एका फेऱ्यात दोनदा,
तीच तक्रार, शब्दही न बदलता.
सव्वासात मिलिमीटर सेकंदाला. साडेनऊ.
फ्रेमवर ठेवलेल्या चहात
वर्तुळांच्या आत वर्तुळं.

मी बोल्ट बघितले, पाया बघितला,
मनातल्या मनात बेअरिंगची ऑर्डरही देऊन टाकली.
मंगळभाईंनी पेचकसाचं टोक केसिंगला लावलं
आणि मूठ कानामागच्या हाडाला
(डावा कान कधीचाच गेलाय, ते हाडानं ऐकतात).
"तमे तो सूतेलानुं माप लीधुं."

झोपलेल्याचं माप.
पोलाद तापलं की वाढतं. पंप आपल्या पायांवर
केसाएवढा उंच होतो, आणि मोटर,
जिला तेवढी धग नाही, राहते खालीच.
हे मी परीक्षेत लिहिलंय. आकृतीसकट. पैकीच्या पैकी.

"तुम्हाला काल माहीत होतं?"
"मने क्यां पूछ्युं?"
आणि खिशातून कागदात बांधलेली तिळाची चिक्की,
अर्धी मोडून माझ्यापुढे.

(माझे आणि ह्यांचे छत्तीसपैकी तेहतीस जुळले होते.
दांडिया बाजारातल्या गुरुजींनी दोनदा मोजले.
थंड असताना.)

पंप बंद करून निवू दिला. पहाट झाली.
विजेच्या तारेवर एक फाटका पतंग, शेपूट हलवत.
मोटरच्या चारी पायांखाली पॉइंट बारा.
लेझरचा पडदा लाल झाला,
बाण दाखवत राहिला: चूक, चूक, खाली घ्या.
माझा हात दोनदा पान्याकडे गेला.
मंगळभाई काही बोलले नाहीत.
ह्या वेळी मी विचारलं होतं.

दुपारी पाणी पुन्हा एकशे पाचला.
शंभरची रेघ रिकामी.
एक पूर्णांक आठ.
चहावर साय धरली, तिला सुरकुती नाही.

लॉगबुकात लिहिलं, मोठ्या अक्षरात,
माझ्यानंतर लेझर घेऊन येईल त्याच्यासाठी:
*थंड असताना मोटर पॉइंट बारा वर.
ही चूक नाही. कुणी सुधारू नये.*
खाली माझी सही.
तिच्याखाली, तीनदा मागितल्यावर,
ग्रीस पुसत पुसत, त्यांची.
जरा तिरकी.