केसभर खाली

सिक्स्टेनने चाळीस वर्षं
सुंड्सवालच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या,
गुडघे टेकून. चर्चमध्ये
कधी टेकले नाहीत.

डॉक्टर ईल्वा पडद्यावर दाखवतात:
कूर्चेला पडलेलं भोक,
नाण्याएवढं, कडा कुरतडलेल्या.
"अख्खा गुडघा नको बदलायला.
एवढ्या जागेपुरतं घडवू, तुमच्याच मापाचं."

तो चष्मा चढवतो.
उतार कुठल्या बाजूला?
सांध्यात फट किती?
आणि भोवतीपेक्षा केसभर खाली ठेवाल ना,
वर राहिलं की ठेच लागते.

बाई हसत नाहीत.
"अर्धा मिलिमीटर खाली," म्हणतात.

मग ठीक.

बर्फाळ जिना तो कठडा धरून उतरतो,
मध्येच थांबतो,
अजून न घडलेल्या त्या चकतीवर
मनातल्या मनात बोटाचं पेर वाजवतो.
पोकळ नाही.