सराव पाठ क्रमांक सात

टाचणात लिहिलंय : प्रस्तावना, पाच मिनिटे.
मागच्या बाकावर बिराजदार सर,
मांडीवर निरीक्षण वही, पेनाचं टोपण काढलेलं.
फळ्यावर मी लिहिते : ऑक्सिडीकरण. क्षपण.
अक्षरं उजवीकडे उतरत जातात.

एक देणारा, एक घेणारा,
खडू म्हणजे इलेक्ट्रॉन;
हा खेळ काल रात्री होस्टेलच्या आरशासमोर
तीनदा जमला होता.
आज खडू पडला, मोडला, वर्ग हसला.
पंखा बंद. खिडकीतून मागांचा आवाज,
खट्याक खट, खट्याक खट,
माझ्या वाक्यांत नको तिथे स्वल्पविराम देत.

मी टाचण मिटलं.
घरी रंगाचं काम कुणाकडे आहे?
चार हात वर.
पाचवा अर्ध्यातून परत, लावण्या गड्डमचा.
सांग ना.

"नाना सूत बुडवतेत ना टीचर,
आत असताना ते हिरवट पिवळं असतंय.
वर काढून झटकलं की
बघता बघता निळं होतंय.
हवा खातंय, म्हणतेत नाना."

हवा खातंय.
मी बाण काढला,
बाणाच्या टोकाशी तिचं वाक्य, जसंच्या तसं.
मग कॉस्टिक किती, हायड्रो कधी,
उशीर झाला तर काय बिघडतं,
मी विचारत राहिले.
तिचे हात आता बाकावर होते,
नखांच्या कडा निळ्या.

शेरा : फलकलेखन अपुरे. वेळेचे भान नाही.

गेटपाशी सर स्कूटरला किक मारता मारता थांबले.
"ते हायड्रो म्हणजे नेमकं काय हो?"

उद्या विचारते, सर.