हा नव्हे

उलानबातरच्या कर्करोग रुग्णालयात, तळमजल्यावर,
सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा बदलायला गेलो होतो.
बाहेर उणे एकतीस. कोळशाचा धूर
खिडकीच्या फटीतून आत,
पायातलं न काढता आलेल्या पाहुण्यासारखा.

सोलोंगोने बशीत तुकडा ठेवला.
माणसाच्या यकृताचा, सुपारीएवढा,
वरच्या मजल्यावरून नुकताच आलेला, अजून कोमट.
एका कडेला सर्जनने काळा टाका घातलेला,
इथवर कापलं,
इथून पुढचं त्याचं त्याच्याकडे.
मला तो सगळा सारखाच दिसला. तपकिरी, चकचकीत.
आजारी कुठला, शहाणा कुठला,
डोळ्यांना काही कळेना.

तिने कुपीतलं पाणी फवारलं.
पाणी नव्हे, म्हणाली, रेणू आहेत त्यात.
मुके, अंधारे, अंग मिटून बसलेले.
प्रत्येकाच्या गळ्यात एक गाठ
आणि ती कापणारं एन्झाइम
निरोगी पेशीकडे बेताचंच असतं.
बिघडलेल्या पेशीच्या दारात मात्र
कात्री रात्रंदिवस चालू.
गाठ तुटली की रेणू उजळतो. एवढंच.
आम्ही वात नेतो फक्त,
काडी त्याच्याकडेच असते.

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.
मोडक्या इंग्रजीत सांगायला गेलो, जमलं नाही.
चांदणं? चोराला? तिने विचारलं,
आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं.

रोग्याचं नाव विचारलं. नियमात बसत नव्हतं,
पण चिठ्ठीवर होतंच.
एनेबिश.
म्हणजे 'हा नव्हे'.
आधीचे दोन मुलगे गेले, तेव्हा तिसऱ्याचं
आईबापांनी असं ठेवलं,
की न्यायला येणाऱ्याने नाव ऐकावं
आणि चुकीच्या तंबूत शिरलो म्हणून परत फिरावं.
आमच्याकडे दगडू ठेवतात, मी म्हटलं. धोंडू.
माझ्या चुलत्याचंच आहे.
ती पहिल्यांदा हसली.
बासष्ट वर्षं पुरलं की ते नाव, म्हणाली.
घोडे राखले, तीन लेकी दिल्या,
जुनी कावीळ आत घर करून बसलेली
ते कुणाला कळलंही नाही.

दिवे मालवले. निळा झोत टाकला.

तुकड्याच्या मध्यात हिरवं उगवलं,
आधी धुकं, मग कुरण.
ते अपेक्षितच होतं.
आणि कडेला, काळ्या टाक्याला अगदी लगटून,
टाचणीच्या टोकाएवढा एक ठिपका.
हा.

सोलोंगोने फिल्टर काढला, पुसला, परत बसवला.
ठिपका तिथेच.
नवा कॅमेरा फसवत नाही ना, अशी माझ्याकडे पाहिली.
मी मान हलवली. कॅमेरा ठीक आहे.
काम नीट झाल्याचं
एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

वर पोट अजून उघडं होतं.
पण हा अभ्यास. कागदावर स्पष्ट लिहिलेलं,
निकाल शस्त्रक्रियागृहात कळवू नये,
परवानगी यायची आहे,
सुजलेली पेशीही कधी कधी अशीच उजळते,
खरं काय ते पॅथॉलॉजी सांगेल, पुढच्या गुरुवारी.
तिने वहीत वेळ लिहिली. चार बावीस.

बाहेर बाकावर त्याची बायको, न्यामसुरेन.
मांडीवर त्याची टोपी, शेजारी थर्मास.
तिने काही विचारलं नाही. दोन वाट्या भरल्या.
दुधाचा चहा, मीठ घातलेला.
मी तोंड वाकडं न करता प्यायलो.
सोलोंगो अर्ध्यावर थांबली,
वाटीच्या तळाकडे बघत राहिली.
खाल्ल्या मिठाची गोष्ट
मी तिला सांगायची गरज नव्हती.

वाटी बाकावर ठेवून ती आत गेली.
दार अर्धवट उघडं राहिलं.
मला त्यांची भाषा येत नाही,
फोनवरचा एकच शब्द ओळखू आला.
एने, म्हणत होती ती. एने.
नावातलं पुढचं अर्धं
तिने घेतलं नाही.

न्यामसुरेनने ते ऐकलं की नाही, कोण जाणे.
तिने थर्मासचं झाकण काढलं
आणि अर्ध्या वाटीवर पालथं घातलं,
चहा निवू नये म्हणून.